सातपुड्याची संपत्ती आणि तिची वर्गवारी

नैसर्गिक संपत्ती म्हटली की कोळसा, लोखंड, सोने यांचीच नावे प्रथम जिभेवर येतात, आणि ज्या मुलखात खाण नाही तो मुलूख दरिद्री, असा निवाडा आपण विनाचौकशी देऊन टाकतो. अक्कलकुवा तालुक्यातील सातपुड्याच्या काळ्या पाषाणात कोळसा नाही हे खरे. परंतु त्याच पाषाणाची झीज होऊन जी माती झाली, तिच्यावर साग, मोह, तेंदू आणि बांबू वाढले, उतारांवर भगर पिकली, आणि मोलगी भागातील कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून केलेल्या आमचुराने तिथल्या आदिवासी घरांत रोख पैसा आणला. वस्तू कामी आणण्याची विद्या जिथे आहे, तिथेच ती संपत्ती ठरते. आणि ही विद्या मोलगीच्या घराघरांत आहे.

याहून घातक समज असा, की जे पुन्हा निर्माण होते ते कधी सरत नाही. मोहाला दर वर्षी फूल येते खरे, पण ते झाड उभे असेपर्यंतच. आणि मातीची गोष्ट तर त्याहून कठीण, कारण तिचा बोटभर थर तयार होण्यास शतके लागतात, उलट उघड्या पडलेल्या उतारावरून तो वाहून जाण्यास मोजके पावसाळे पुरतात.

वर्गवारी निसर्गानेच ठरवून दिलेली असते, हेही खरे नव्हे. वनस्पतिशास्त्र ज्याला गवताच्या कुळात घालते, तो बांबू १९२७च्या वन कायद्याने वृक्षात गणला. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानून पारंपरिक संकलनाचा व विक्रीचा हक्क वनवासीयांना दिला. आणि जुन्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून तो २०१७ साली वगळला गेला. बांबू तोच राहिला, पण तो तोडणारा गुन्हेगार की हक्कदार, हे मात्र दप्तरातल्या नोंदीवर ठरत गेले.

वाहते पाणी अक्षय, म्हणून त्यापासूनची वीज फुकटची, हा समज मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. नर्मदा लवादाने १९७९ साली महाराष्ट्राच्या वाट्याला अडीच लाख एकर-फूट पाणी आणि सरदार सरोवराच्या विजेतील २७ टक्के हिस्सा दिला. त्याच सरोवराच्या फुगवट्याने अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील मणिबेलीसह ३३ गावे बाधित झाली. नदीचे पाणी दर पावसाळ्यात पुन्हा येते. तळाशी गेलेली काठची गाळाची शेते पुन्हा येत नाहीत, आणि विजेचा हिशेब मांडताना ती खर्चाच्या बाजूस लिहिलीच पाहिजेत.