कुंभार्लीसाठी टायर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कराडमधल्या टायरच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. पाऊस तोंडावर आला की सगळ्यांनाच आपले टायर आठवतात. माझा नंबर यायला दोन तास लागले. तेवढा वेळ मी स्टुलावर बसून दुकानातल्या काकांचे हात बघत होते.

काका टायरवर आधी तळवा ठेवतात. नक्षीवरून आडवा हात एकदा आतून बाहेर फिरवायचा, एकदा बाहेरून आत. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट गेलं. मग खाचेतला बारीक उंचवटा नखाने दाखवतात. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानेच बाद. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते.

"मागचे गोटा व्हायला आलेत, ताई. गाडी कुठल्या रस्त्याने जाते?"

"चिपळूण. महिन्यातून दोनदा."

"पावसातसुद्धा?"

याचं उत्तर द्यायला मला क्षणभर लागलं. गेल्या सप्टेंबरात हेळवाक सोडून कुंभार्ली घाटाने पोफळीकडे उतरताना एका वळणावर पाणी वाहत होतं. वेग चाळीसच्या आत होता. स्टिअरिंग वळलं, पुढची चाकं वळली आणि गाडीची मागची बाजू एकाएकी हलकी होऊन दरीकडे सरकली. गाडी थांबली ती रस्त्यावर आडवी. त्यानंतर पाऊस संपेपर्यंत मी माहेरी एसटीनेच गेले.

चूक मीच वर्षभर आधी करून ठेवली होती. दोनच टायर घ्यायचे होते, ते मी पुढे बसवून घेतले. इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांची, झीजही तिथेच जास्त. मला ते सरळ वाटलं. जवळपास सगळे ड्रायव्हर अजूनही हेच सांगतात. काकांनी हातातला पान्हा जमिनीवर गाडीसारखा ठेवून मला समजावलं. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ बघते. पाय उचलला, वेग उतरला की बहुतेक वेळा ती पुन्हा ऐकते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्याच्या हातचं नसतं. म्हणून दोनच नवे असतील तर ते मागे. पान्ह्याचं शेपूट त्यांनी बोटाने ढकललं तेव्हा ते वळण पुन्हा माझ्या पोटात आलं.

माझ्या आधी नंबर होता एका टॅक्सीवाल्या दादांचा. त्यांच्या फेऱ्या समृद्धी महामार्गावरून नागपूरला. तिथे 120च्या वेगाने, वैशाखाच्या उन्हात, तासन् तास. त्यांना घाटाची पकड नको होती. झीज सोसणारं कडक रबर हवं होतं. उन्हाळ्यात हवा चार पॉइंट कमी ठेवायची, ही त्यांची जुनी सवय. तापल्यावर हवा फुगते, मग आधीच कमी भरावी, असा हिशोब. काकांनी तो खोडून काढला. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची कड दुमडते आणि त्या दुमडण्यानेच टायर आतून तापतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढीच हवा, तीही गाडी गार असताना. भर उन्हात फुटणारे कितीतरी टायर असे हवेअभावी तापलेले असतात.

माझा भाऊ जर्मनीत असतो. तिकडे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर घालायचे, नंतर उन्हाळी, असा ठोकताळा आहे. तापमान सातच्या खाली गेलं की उन्हाळी रबर कडक होऊन पकड सोडतं. आपल्याकडे एकाच जोडाने मेमधली तापलेली सडकही सोसायची आणि कोयनेचा पाऊसही. सगळ्यांत चांगला टायर कुठला, हे विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. आपल्या रस्त्यावरचा सर्वांत वाईट तास कोणता, एवढं ठरवायचं आणि त्या तासासाठी टायर घ्यायचा. माझा तो तास जुलैत, घाट उतरताना, धुक्यात असतो.

काकांनी दोन टायर पुढ्यात ठेवले. मापं तीच, 185/65 आर 15. "हा पन्नास हजार चालेल. हा पस्तीसच, पण ओल्यात धरून ठेवील." दुसऱ्यावर अंगठा दाबला तर रबर किंचित दबलं. उभ्या खाचा रुंद होत्या, पाणी मागे फेकणाऱ्या. कडेवरचे शेवटचे चार आकडे मी वाकून वाचले: 0825, म्हणजे 2025चा आठवा आठवडा. माल ताजा होता. पंधरा हजार किलोमीटर मी सोडून दिले आणि तो घेतला.

दोन्ही टायर मागे बसले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट झालं. शेवटी काकांनी डिकी उघडायला लावली. स्टेपनीत हवा नव्हतीच.