अठराव्या वर्षी हाती आलेला डबल बास

ऑर्केस्ट्रा म्हटले की आमच्या वस्तीत डोळ्यांपुढे येतो तो जयंतीच्या रात्रीचा मंच. की-बोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड आणि दोन गायक. पाश्चात्य सिंफनी ऑर्केस्ट्रा आम्ही प्रथम दूरदर्शनवर पाहिला, तेव्हा आमचे लक्ष उजव्या कडेच्या मंडळींकडे गेले. माणसापेक्षा उंच व्हायोलिन कवेत धरावे तसे ते वाद्य त्यांनी धरले होते. ते वेगळे असे ऐकूच येत नव्हते. आमची सारी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली, त्यामुळे असे न दिसणारे काम करणाऱ्यांविषयी आम्हाला उगीचच आपुलकी वाटते. तर, त्या वाद्याचे नाव डबल बास.

वाचकहो, वाद्य शिकायचे तर पाचव्या-सहाव्या वर्षीच, असा आपल्याकडे समज आहे. व्हायोलिनच्या बाबतीत तो बराचसा खराही असेल. परंतु लंडनमध्ये जन्मलेल्या ची-ची न्वानोकू यांची हकिकत वेगळी आहे. वडील नायजेरियाचे, आई आयर्लंडची. लहानपणापासून त्या पियानो वाजवत. पण खरी ओढ धावण्याची होती आणि शंभर मीटरच्या शर्यतीत त्यांचे नाव होऊ लागले होते. गुडघ्याला दुखापत झाली आणि ते सारे संपले. तेव्हा शाळेतल्या शिक्षकांनी सुचवले की फारसे कोणी न घेणारे वाद्य घे, त्यात तुला पुढे जाता येईल. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि शरीराने लहानखुऱ्या. पुढे त्या लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकल्या. १९८६ साली निघालेल्या ‘ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लाइटनमेंट’ या वाद्यवृंदाच्या त्या संस्थापक सभासद होत्या, आणि तेथे तीस वर्षे त्यांनी प्रमुख बासवादकाची जागा सांभाळली.

मग या वाद्याची सुरुवात होते तरी कशी? प्रथम उभे राहायला शिकायचे. वाद्याची उंची सुमारे सहा फूट. मोठी माणसेसुद्धा बहुधा ‘थ्री-क्वार्टर’ मापाचेच वाद्य वापरतात, त्यामुळे त्या नावाने बिचकण्याचे कारण नाही. खाली लोखंडी टोक असते, ते वरखाली करून उंची जुळवायची. पट्टीचे वरचे टोक साधारण भुवईच्या आसपास यावे. वाद्य अंगावर किंचित टेकवायचे. डाव्या हाताने ते पेलायचे नाही, कारण तो हात स्वरांसाठी मोकळा हवा. नवशिक्याचे येथेच चुकते. वाद्य पडेल या भीतीने तो मान आवळून धरतो आणि तासाभरात अंगठा दुखू लागतो. अनेकजण उंच स्टुलावर टेकून वाजवतात, त्यात काही कमीपणा नाही.

तारा चार : ई, ए, डी, जी. व्हायोलिनच्या तारा षड्ज-पंचमात लावलेल्या असतात, बासच्या मात्र षड्ज-मध्यमात. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. हा स्वर कानापेक्षा पोटातच अधिक जाणवतो. सतारीसारखे पडदे नाहीत, त्यामुळे जागा बोटांनीच शोधायची. आणि ती जागा लांब-लांब असते. मोकळ्या तारेपासून पहिला अर्धस्वर जवळजवळ सहा सेंटीमीटरवर. म्हणून खालच्या भागात जुन्या पद्धतीने पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरतात. तिसरे बोट चौथ्याला नुसता आधार देते. पहिल्या बोटापासून चौथ्यापर्यंत हात पुरा पसरला तरी एकच पूर्ण स्वर पदरात पडतो. साधे सा-रे-ग-म वाजवायचे तरी तार बदलावी लागते, नाहीतर हात सरकवावा लागतो. व्हिएन्नाचे फ्रान्झ सिमांडल (१८४०-१९१२) यांनी या पद्धतीचे पुस्तक लिहिले, ते आजही नवशिक्यांच्या हाती दिले जाते.

सुरुवात बोटाने तार छेडण्यापासून करावी. त्यात बोटाच्या टोकाने नव्हे, तर्जनीच्या कडेने तार ओढायची आणि जोर खांद्यातून आणायचा. पहिल्या आठवड्यांत फोड येतात. फोड आले की थांबावे. रक्त काढण्यात शौर्य नाही. गजाचे दोन प्रकार आहेत. फ्रेंच गज वरून धरतात, जर्मन गज खालून, सारंगीवाले धरतात त्याच्या जवळचा. शिक्षक जो वापरत असेल तो घ्यावा. राळ लावल्याशिवाय गजातून आवाज निघत नाही, आणि लावल्यावरही महिनाभर जो निघतो तो घरच्यांनी सोसावा. आणखी एक : वाद्य ठेवताना कुशीवर निजवावे, घोडीवर भार येऊ देऊ नये, आणि तारा एकदम साऱ्या सैल करू नयेत. आतला खांब चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच उभा राहतो, तो पडतो.

आता ज्याच्यासाठी आम्ही लिहायला बसलो ते. आपल्या गावात हलगी कोणी वाजवायची हे जातीने ठरवले होते. अमेरिकेत चेलो कोणी वाजवायचा नाही, हे कातडीच्या रंगाने ठरवले होते. १९२२ साली जन्मलेला चार्ल्स मिंगस लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात चेलो शिकत होता. त्याचा मित्र बडी कॉलेट याने त्याला सांगितले, की काळ्या मुलाला अभिजात संगीतात जागा मिळणार नाही, तू बास घे. त्याने तो घेतला. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेल्या हर्मन राइनशागेन यांच्याकडे तो काही वर्षे शिकला आणि जॅझमध्ये मोठा रचनाकार झाला. लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना १९५७ साली अडवणाऱ्या गव्हर्नर फॉबसची त्याने १९५९ च्या ध्वनिमुद्रिकेत टर उडवली. तेथे शब्द नव्हते, ते १९६० साली दुसऱ्या कंपनीने छापले. मिल्ट हिंटनही मूळचा व्हायोलिनवाला. शिकागोत काळ्या व्हायोलिनवादकाला काम मिळेना, म्हणून तो बासकडे वळला. बोस्टन सिंफनीत पहिला कृष्णवर्णीय वादक १९५७ साली आला, ऑर्टिझ वॉल्टन. त्याचेही वाद्य बासच.

दार बंद झाले म्हणून ही माणसे या वाद्याकडे आली आणि मग त्यांनी त्याची उंची वाढवली, हे खरे. पण दार बंद करणाऱ्यांचे त्यासाठी आभार मानण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. मिंगसच्या चेलोचे काय झाले असते, हे आता कोणालाच कळणार नाही.

मुंबईशी या वाद्याचा संबंध अगदीच नाही असे नव्हे. येथे १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले आणि संचालनाबरोबर डबल बासही शिकले. एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तरी कारकुनाच्या पगारात हे वाद्य बसत नाही, हे आम्ही हिशेब करूनच सांगतो. शिकायचेच असेल तर प्रथम शिक्षक गाठावा, वाद्य नंतर. आणि घ्यावे लागले तर प्लायवूडचे घ्यावे. कोरीव लाकडापेक्षा ते दमट हवेला अधिक टिकते, आपल्या पावसाळ्यात हे महत्त्वाचे.

न्वानोकू यांनी २०१५ साली लंडनमध्ये ‘चिनेके!’ हा कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतील वादकांचा वाद्यवृंद उभा केला. बरोबर मुलांचाही वृंद काढला, अकरा ते बावीस वयाच्या. त्या सप्टेंबरमध्ये क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा बासच्या जागी त्या स्वतः होत्या.