आडोसा हवा, अंधार नको

मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत भर दुपारी ट्यूब चालू असते. बाहेर लख्ख ऊन आणि आत जाड पडदे ओढलेले, कारण समोरच्या इमारतीची गॅलरी अगदी हाकेच्या अंतरावर. हा अंधार सोसतं कोण? दिवसभर घरात असणारी बाई, अभ्यासाला बसलेली मुलगी, अंथरुणाला खिळलेली आजी. मला हे फार खटकतं, कारण आडोशासाठी एवढी किंमत मोजायची मुळीच गरज नसते.

चाळीतल्या जुन्या खिडक्यांना चार झडपा असत. खालच्या दोन लावून घ्यायच्या, वरच्या दोन उघड्या ठेवायच्या. पुढे स्प्रिंगवर ओवलेला अर्धा पडदा आला. आज तो जुनाट वाटतो खरा, पण त्यामागचं गणित पक्कं आहे. आभाळाचा उजेड खोलीत आतवर पोचतो तो खिडकीच्या वरच्या भागातून. खालच्या भागातून आलेला बराचसा खिडकीपाशीच संपतो. ठोकताळा असा, की खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दीड ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. ही कड 7 फुटांवर असेल तर साधारण 10 ते 17 फूट. म्हणून पडदा उभ्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत पुरे. त्यावरची काच मोकळी सोडावी. पेल्मेट आणि पडद्याची जाड झालर आधी काढावी, कारण सगळ्यात मोलाचा उजेड तीच अडवते.

समोरचे वरच्या मजल्यावर राहत असतील तर अर्ध्या पडद्याने भागत नाही. तिथे उजेड न अडवता तो विस्कटून आत घ्यायचा. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडकीच्या लाकडी चौकटीत काचेच्या जागी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या दिसतात. त्यांतून दुधाळ उजेड येतो, माणूस दिसत नाही. घासलेली काच किंवा तिच्यावर चिकटवायची फ्रॉस्टेड फिल्म हेच काम करते. काचेचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, त्यावर किरण वेगवेगळ्या दिशांना फाकतात. उजेड बराचसा आत येतो, चित्र मात्र मोडतं. घासलेल्या काचेच्या खडबडीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावून पाहा: तेवढ्या पट्ट्यातून पलीकडचं दिसू लागतं, कारण गोंदाने खाचा भरल्या जातात. पाण्यानेही तेच होतं. म्हणून बाथरूममध्ये घासलेली बाजू जिथे पाणी उडतं तिकडे ठेवू नये.

बाजारात आणखी एक फिल्म फार खपते, आरशासारखी चमकणारी. ‘आतून दिसतं, बाहेरून दिसत नाही’ असं सांगून विकतात. हे खरं आहे, पण दिवसापुरतं. जिकडे उजेड जास्त तिकडच्या माणसाला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. संध्याकाळी घरात दिवा लागला की पारडं फिरतं: तुम्हाला बाहेरचं दिसेनासं होतं आणि रस्त्यावरून तुमचं घर उघडं पडतं. शिवाय ती आत येणारा उजेडही घटवते, आणि समोरच्या घरात ऊन फेकते. राहत्या घराला मी ती सुचवणार नाही.

झिरझिरीत पांढऱ्या पडद्यालाही हाच नियम लागू. दिवसा उन्हाने उजळलेलं कापड बाहेरच्याची नजर थोपवतं, रात्री ते कुचकामी ठरतं. त्यासाठी दुहेरी रॉड लावून मागे एक जाड पडदा ठेवावा आणि अंधार पडल्यावरच तो ओढावा. रात्री दिवा कुठे आहे हेही बघायला हवं. दिवा मागे आणि माणूस पडद्यापाशी असेल, तर सावली स्पष्ट पडते.

फिल्म लावणं अवघड नाही. काच साबणाच्या पाण्याने नीट धुवायची, ओली असतानाच फिल्म ठेवायची आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी ढकलत न्यायचं. भाड्याच्या घरात बिनगोंदाची, नुसती काचेला धरून राहणारी फिल्म घ्यावी. घर सोडताना ती सोलून बरोबर नेता येते. खर्च करण्याआधी मात्र रात्री घरातले दिवे लावून खाली उतरावं आणि रस्त्यावरून, जमल्यास समोरच्या जिन्यातून, आपल्या खिडकीकडे बघावं. बहुतेकदा एक-दोनच तावदानं झाकावी लागतात.