स्पर्शप्रतिसाद, परजीवी कवकांतील

वनस्पतींवर रोग निर्माण करणाऱ्या अनेक कवकांच्या (बुरशींच्या) वाढीची दिशा व अवयवांची घडण आश्रय वनस्पतीच्या पृष्ठभागाशी आलेल्या संपर्कावरून ठरते. या आविष्कारास स्पर्शप्रतिसाद म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत : पृष्ठभागावरील उंचसखलपणाच्या अनुरोधाने वाढीची दिशा बदलणे (स्पर्शानुवर्तन) आणि संपर्काच्या चेतनेने विशिष्ट अवयव तयार होणे (स्पर्शजन्य प्रभेदन).

वाऱ्याबरोबर पानावर येऊन पडलेले बीजुक ओलावा मिळताच रुजते व त्यातून अंकुरनलिका बाहेर पडते. तिच्या वाढीस लागणारे अन्न बीजुकातील साठ्यातूनच येते. हा साठा संपण्यापूर्वी पानात शिरकाव झाला नाही, तर कवक मरते. म्हणून प्रवेशाची योग्य जागा ओळखणे हा त्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो.

प्रवेशापूर्वी अंकुरनलिकेचे टोक बहुधा फुगते व पृष्ठभागास घट्ट चिकटते. या अवयवास आसंगांग म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी घेवड्यावरील रोगकारक कवकाच्या संदर्भात १८८३ मध्ये त्याला आजचे लॅटिन नाव दिले.

तांबेऱ्याची कवके : गव्हावरील काळा तांबेरा पक्सिनिया ग्रॅमिनिस या कवकामुळे होतो. त्याच्या यूरेडो-बीजुकातून निघालेली अंकुरनलिका पानाच्या लांबीस काटकोनात वाढते. गव्हाच्या पानावरील त्वग्रंध्रे लांबीच्या दिशेने ओळींत असतात. त्यामुळे आडव्या दिशेने वाढणाऱ्या नलिकेस त्वग्रंध्र भेटण्याची शक्यता वाढते.

घेवड्यावरील तांबेऱ्याचे कवक, युरोमायसीज अपेंडिक्युलेटस, याचा अभ्यास विशेष बारकाईने झाला आहे. डब्ल्यू. के. विन यांनी १९७६ मध्ये पानाचा प्लॅस्टिकमध्ये ठसा घेऊन त्यावर बीजुके रुजविली. ठशात वनस्पतीचे कोणतेही रासायनिक द्रव्य नसताना त्वग्रंध्राच्या आकारावर आसंगांगे तयार झाली. अर्थात ही चेतना रासायनिक नसून आकाराची होती. पुढे एच. सी. हॉक, आर. सी. स्टेपल्स व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये इलेक्ट्रॉनिकीतील सूक्ष्मरेखन तंत्राने निरनिराळ्या उंचीचे कंगोरे असलेले पृष्ठभाग तयार केले. सु. ०·५ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचीचा एकच कंगोरा आसंगांग निर्माण होण्यास पुरेसा ठरला. ०·२५ मायक्रोमीटरपेक्षा कमी किंवा १ मायक्रोमीटरपेक्षा अधिक उंची परिणामकारक ठरली नाही. घेवड्याच्या त्वग्रंध्राच्या रक्षक कोशिकांची ओठासारखी कड जवळजवळ ०·५ मायक्रोमीटरच उंच असते. कुलूप व किल्ली यांसारखा हा मेळ आहे. आसंगांगानंतरचे काही टप्पेही अशा निर्जीव पृष्ठभागावर क्रमाने पार पडतात. मात्र कोशिकेतून अन्न घेणारे शोषकांग तयार होण्यास सामान्यतः जिवंत आश्रय कोशिका लागते.

संवेदनाची यंत्रणा : अंकुरनलिका पृष्ठभागास चिकटलेली असेल, तरच तिला त्याचा आकार समजतो. चिकट आवरणातील प्रथिने एंझाइमाने नष्ट केली, तर चिकटणे व प्रतिसाद ही दोन्ही मंदावतात. कंगोऱ्यावरून जाताना कोशिकापटलावर ताण पडतो. अशा ताणाने उघडणारे व कॅल्शियमासह धन आयनांना वाट देणारे मार्ग या कवकाच्या पटलात १९९१ मध्ये आढळले. गॅडोलिनियम हे मूलद्रव्य हे मार्ग बंद करते व आसंगांगांची निर्मितीही रोखते.

भातावरील करपा : सर्वच कवके आकार ओळखतात असे नाही. करप्याचे कवक, मॅग्नापोर्थे ओरायझी, पृष्ठभागाचा कठीणपणा व जलविरोधी गुण ओळखते; त्यामुळे टेफ्लॉनवरही ते आसंगांग तयार करते. बीजुकाच्या टोकाकडील चिकट द्रव्याने ते प्रथम पृष्ठभागास चिकटते. आसंगांगात ग्लिसरॉल साठते, भित्तीवर मेलॅनीन या काळ्या रंगद्रव्याचा थर बसतो व आतील दाब ८ मेगॅपास्कालपर्यंत, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सु. ८० पट होतो. या दाबाने बारीक खुंटी उपत्वचा भेदून आत शिरते.

सोयाबीनवरील तांबेऱ्याचे कवक, फॅकोप्सोरा पॅकिऱ्हायझी, तांबेऱ्याच्या गटातील असूनही या बीजुकांच्या अवस्थेत त्वग्रंध्र न शोधता अपित्वचेतून सरळ आत शिरते. महाराष्ट्रात सांगली, कोल्हापूर व सातारा भागांत हा रोग आढळतो.

महत्त्व : शिरकावापूर्वीचा हा काळ कवकाचा सर्वांत दुर्बल काळ होय. ट्रायसायक्लॅझोल हे कवकनाशक करप्याच्या कवकास थेट मारीत नाही. मेलॅनिनाची निर्मिती थांबवून ते शिरकाव निष्फळ करते. वनस्पतीकडेही अशी साधने असतात. चिली देशातील एका रानटी बार्लीच्या (हॉर्डियम चिलेन्से) काही वाणांत त्वग्रंध्रांवर मेणाचा दाट थर असतो. त्यामुळे तांबेऱ्याची अंकुरनलिका त्वग्रंध्रावरून जाऊनही ते न ओळखता पुढे निघून जाते. रोगकारकाच्या वाणांत बदल होऊन पिकांची नेहमीची प्रतिकारक्षमता वारंवार निष्प्रभ ठरते. अशा वेळी रोगास दाराबाहेरच थोपविणारे हे गुण वनस्पती-प्रजननात मोलाचे ठरू शकतात.