आधी कोणता पुरवठा?

पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या गावच्या शाळेत मुलांनी हवामानयंत्र केले आहे असे समजा. त्यातील आर्डुइनो उनो 5 व्होल्टवर चालतो. हवेचा दाब मोजणाऱ्या बीएमपी-280 या संवेदकाला मात्र 3.3 व्होल्टचा वेगळा पुरवठा दिला आहे. दोघांमध्ये दुभाष्या हवा. ते काम पातळी-रूपांतरक चिप करते आणि तिला दोन्ही पुरवठे जोडावे लागतात.

गेलेली वीज परत आली की दोन्ही पुरवठे एकाच क्षणी सुरू होतील असे नाही. 5 व्होल्टची बाजू जागी आणि संवेदक अजून झोपेत, अशा वेळी काय होईल? संवेदकाच्या टोकांशी आतून संरक्षक डायोड असतात. झोपलेल्या संवेदकाच्या टोकावर व्होल्टेज आले की धारा त्या डायोडमधून मागच्या दाराने शिरते. तिने संवेदक कायमचा निकामी होऊ शकतो.

उपाय रूपांतरकातच आहे. टीएक्सबी-0108 ही चिप एसपीआय जोडणीत चालते. तिचा एक पुरवठा शून्य असला तर ती आपली सर्व टोके मोकळी सोडते. शिवाय तिचे 'आउटपुट एनेबल' टोक रोधाने ग्राउंडला बांधावे आणि दोन्ही पुरवठे स्थिरावल्यावरच चालू करावे. सर्वच रूपांतरक असे नसतात. काहींना पुरवठ्यांचा ठरावीक क्रम लागतो. तो माहितीपत्रकात पाहावा.

मुलांकडून एक तपासणी करून घ्या. आर्डुइनो चालू ठेवून 3.3 व्होल्टचा पुरवठा काढा आणि संवेदकाच्या पुरवठा-टोकावर मीटर लावा. काटा शून्याजवळ आला, तर मागचे दार बंद आहे.