ऑपरेशनआधीचा स्वॅब

मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधेरोपण, दुर्बिणीतून जठराची तपासणी अशा तारीख ठरवून होणाऱ्या उपचारांआधी, रुग्णाला साधी सर्दीही नसताना, कोविडची चाचणी करण्याची पद्धत २०२० मध्ये रूढ झाली. तिच्यामागे दोन वेगळे हेतू होते. ते एकमेकांत मिसळले गेल्यामुळे पुढे बराच गोंधळ झाला.

पहिला हेतू रुग्णाला जपण्याचा. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास दिला जातो. फुप्फुसात आधीच संसर्ग असेल, तर हा ताण जड जातो. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात २४ देशांतले ११२८ रुग्ण होते. शस्त्रक्रियेच्या सुमारास संसर्ग झालेल्या या रुग्णांपैकी जवळजवळ २४ टक्के तीस दिवसांत दगावले आणि निम्म्यांना फुप्फुसाचे त्रास झाले. मात्र त्यांतल्या बहुतेकांच्या शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या, त्यामुळे हर्नियाच्या धडधाकट तरुणाला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. आकडा गाजला, हा तपशील मागे पडला.

दुसरा हेतू इतरांच्या बचावाचा. नळी घालताना भूलतज्ज्ञाचा चेहरा रुग्णाच्या तोंडाजवळ असतो. दात, नाक, घसा आणि श्वासनलिकेवरच्या उपचारांतही सूक्ष्म तुषार उडतात. लस नव्हती, पीपीई किट आणि एन-९५ मास्क अपुरे होते, तेव्हा कोणासाठी किती खबरदारी घ्यायची हे ठरवायला रिपोर्टचा आधार वाटणे स्वाभाविक होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ४ सप्टेंबर २०२० च्या सूचनेत शस्त्रक्रियेचे रुग्ण आणि प्रसूतीसाठी दाखल झालेल्या स्त्रिया यांचा चाचणीच्या यादीत समावेश होता. चाचणीअभावी तातडीचे उपचार किंवा बाळंतपण अडवू नये, असेही त्याच सूचनेत बजावले होते. प्रत्यक्षात रिपोर्ट नाही म्हणून कळा सुरू झालेल्या बाईला दुसरीकडे पाठवल्याच्या तक्रारी येत राहिल्या. खर्चही होताच. खासगी प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआरसाठी सुरुवातीला ४५०० रुपयांपर्यंत दर होता. महाराष्ट्र सरकारने तो जून २०२० मध्ये २२०० आणि मार्च २०२१ अखेर ५०० रुपयांवर आणला.

चाचणीच्या मर्यादा मात्र दराबरोबर कमी झाल्या नाहीत. संसर्गानंतरचे पहिले काही दिवस नाकाघशात विषाणू सापडण्याइतका नसतो, त्यामुळे सोमवारी निगेटिव्ह आलेला रुग्ण गुरुवारी टेबलावर घेतला जाईपर्यंत इतरांना लागण करू शकतो. उलट बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण आरटी-पीसीआर विषाणूचे निर्जीव अवशेषही टिपते. त्यात साथ ओसरल्यावर गणितच फिरते. समजा, हजार जणांत एकालाच संसर्ग आहे आणि चाचणी निरोगी माणसांपैकी दर दोनशेंत एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. मग हजारांतल्या सहा पॉझिटिव्हपैकी पाच खोटे निघतात आणि त्या पाच जणांच्या तारखा विनाकारण पुढे जातात. हर्निया थांबू शकतो. कर्करोगाची गाठ थांबत नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर किती थांबायचे, याचे पहिले ठोस उत्तर २०२१ मध्ये मिळाले. ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांच्या पाहणीत, संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. सात आठवड्यांनंतर ते दीड टक्क्यावर, म्हणजे संसर्ग न झालेल्यांइतके, आले. लक्षणे टिकून असलेल्यांना धोका तेव्हाही अधिक होता. म्हणून निवडक शस्त्रक्रिया सात आठवडे लांबवण्याचा संकेत पडला. लसीकरण आणि ओमायक्रॉननंतर तो शिथिल झाला.

ओमायक्रॉनची लाट चढत असतानाच, १० जानेवारी २०२२ रोजी, परिषदेने आपली सूचना फिरवली. लक्षणे नसतील तर शस्त्रक्रियेच्या रुग्णांची किंवा प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रियांची चाचणी खास कारणाशिवाय करू नये, असे तिने सांगितले. रुग्ण झपाट्याने वाढत असताना चाचण्या कमी करणे अनेकांना उफराटे वाटले. पण दुसऱ्या हेतूसाठी आता लस होती, मास्क मुबलक होते आणि प्रत्येक रुग्णाला संसर्ग असू शकतो असे धरून काम करण्याची सवय लागली होती. अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेनेही डिसेंबर २०२२ मध्ये सरसकट चाचणीविरुद्ध मत दिले.

पहिला हेतू अजून शिल्लक आहे, पण तो मुख्यतः विचारपूस करूनच साधला जातो. अलीकडे ताप, खोकला, धाप किंवा घरात कोणी आजारी आहे का, हे भूलतज्ज्ञ विचारतात. शंका आल्यास चाचणी होते. अवयवरोपण किंवा रक्ताच्या कर्करोगाचे उपचार यांसारख्या, प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबल्या जाणाऱ्या रुग्णांबाबत लक्षणांची वाट न पाहता ती करायची का, हे त्यांचे डॉक्टर ठरवतात.