आईच्या डब्यातल्या शेवया

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत रात्रीच्या घाईच्या जेवणाला वरणफळे ठरलेली. शेजारच्या गुजराती घरी तिचीच बहीण दाळढोकळी शिजत असते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरीही हाच रिवाज होता. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सारंगीवादक. आजोबांच्या मागोमाग तेही कोवळ्या वयात दरबारच्या कलावंत कारखान्यात नोकरीला लागले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. पुढचा संसार शिकवण्या आणि बैठकी यांवरच झाला. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. बैठक आटोपून अण्णा कितीही उशिरा येवोत, आई उठून त्यांना गरम वरणफळे वाढी.

दहाएक वर्षांपूर्वी श्रावणात आई गेली आणि अण्णांचे रात्रीचे जेवण सुटले. "भूक नाही रे," एवढेच म्हणत. घरात आम्ही दोघेच. गाण्याचे वर्ग संपवून मी नऊ वाजता घरी येई. कणीक मळून फळे लाटण्याचे त्राण नसे, आणि अण्णांना रात्री डाळ पचतही नसे. पौषातल्या एका रात्री मी फडताळ उघडले. वरच्या फळीवर शेवयांचा डबा होता. आईने त्याच वर्षी वैशाखात पाटावर वळून वाळवलेल्या त्या शेवया. त्या डब्याला अण्णा कोणाला हात लावू देत नसत. त्या रात्री मी तो न विचारता उघडला.

तेव्हा जे केले तेच आजही करतो. दोघांपुरते प्रमाण सांगतो. अर्धी वाटी शेवया मोडून चमचाभर तुपात मंद आचेवर बदामी भाजाव्या व काढून ठेवाव्या. न भाजता टाकल्या तर त्यांचा लगदा होतो. त्याच पातेल्यात थोडे तूप घालून जिरे, ठेचलेले आले आणि लसणाच्या दोन पाकळ्या परताव्या. मग एक गाजर, पाच-सहा फरसबीच्या शेंगा बारीक चिरून, मूठभर मटार आणि ४ वाट्या पाणी घालावे. जी भाजी उशिरा शिजते ती आधी. कोबी पाच-सहा मिनिटांनी. भाज्या मऊ झाल्या की मीठ व शेवया घालाव्या आणि तीन-चार मिनिटांत, शेवया किंचित कच्च्या वाटतात तोच, पातेले उतरावे. ताटात येईपर्यंत त्या पाणी पीतच असतात. वरून मिरपूड घालावी. लिंबू आवडीप्रमाणे; पहाटे गायला बसायचे असेल तर तेही नको, असा आमच्या घरचा दंडक.

अण्णांनी वाटी पाहून विचारले, "हे काय? आजाऱ्याचे पथ्य?"

"सूप आहे. घ्या थोडे."

त्यांनी एक घोट घेतला, चमच्यात शेवया उचलून पाहिल्या. "कोणत्या डब्यातल्या?"

मी मान खाली घातली. आता रागावतील असे वाटले. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बारीक वळायची ती. बाजारात अशा मिळायच्या नाहीत." वाटी संपवून त्यांनी आणखी मागितले.

तो डबा आम्ही फाल्गुनापर्यंत पुरवला. शेवटची मूठ राहिली तेव्हा ती ठेवून द्यावी असे माझ्या मनात होते. अण्णाच म्हणाले, "कीड लागेल. कर आज." त्यानंतर बाजारच्या शेवया आणू लागलो. त्यांच्याविषयी अण्णा रोज कुरकुर करीत, पण अखेरपर्यंत रात्रीचे जेवण पुन्हा सुटले नाही.

आता अण्णाही नाहीत. परवा वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी सर्दीने घसा बसून वर्गाला आला. त्या दिवशी पेटी मिटली, त्याला स्वयंपाकघरात नेले आणि शेवया भाजायला बसवले. डबा तोच आहे.